पहाटेची उमेदवारी

भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने २२ मार्च २०२० पासून थांबली. त्याआधी चारच दिवस सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याची नात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील आपल्या विद्यापीठातून घरी पोहोचली होती. ६ जुलैला तेथील सरकारने नियम काढला: ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन, त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्या. १४ जुलैला नियम मागे घेतला गेला. त्या आठ दिवसांत तिथे अडकलेल्या मैत्रिणींचे रात्री-अपरात्री फोन येत. विद्यार्थी परिषदेत त्यांच्या बाजूने बोलणारे कोणीच नव्हते. सप्टेंबरात तिने उमेदवारी अर्ज भरला.

उमेदवारांची सभा तेथे सायंकाळी सातला, म्हणजे सांगलीत पहाटे साडेचारला. घरात रात्रिभोजनत्याग, सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. कोरड्या घशाने ती पडद्यावरच्या काळ्या चौकटींशी बोलत होती. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव सांगणाऱ्या आजोबांना हा व्यवहारच अजब वाटे, आणि त्यांचे फारसे चुकतही नव्हते. प्रतिस्पर्ध्याने विचारले, "जी आवारातच नाही, ती आमचे प्रतिनिधित्व काय करणार?" ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आवाराबाहेर राहिलेल्यांचे कोण करणार?"

थोड्या मतांनी ती हरली. तासांचे ध्वनिचित्रमुद्रण सर्वांना मिळावे, ही तिची मागणी मात्र विजयी उमेदवाराने पहिल्याच बैठकीत मांडली. हे कळले तेव्हा उजाडायचे होते. आजोबा सामायिकाला बसले होते. पाण्याचा तांब्या समोर ठेवून ती उन्हाची वाट पाहत राहिली.