अपेक्षित पगार

मुलाचा पगार किती, हे लग्नाच्या बोलणीत लांबचे काकाही बेधडक विचारतात. मुलाखतीत मात्र हाच विषय निघाला की आपल्या मध्यमवर्गीय जिभा जड होतात. 'सर, कंपनीच्या नियमानुसार जे असेल ते,' असं आपण पुटपुटतो आणि त्यालाच नम्रपणा समजतो. समोरचा एचआरवाला तसं समजत नाही. त्याचं काम सोपं झालेलं असतं.

एमपीएससीच्या जाहिरातीत फौजदाराच्या पदापुढे 38,600 ते 1,22,800 अशी वेतनश्रेणी सरळ छापलेली असते. खासगी जाहिरातीत 'पगार पात्रतेनुसार' आणि अर्जात मात्र 'सध्याचा सीटीसी' हा रकाना सक्तीचा. भाव लपवायचा त्यांनी, पाकीट उघडायचं आपण!

या रकान्यावर माझा खरा राग आहे. नवं काम कितीचं, हे जुन्या पगारावर अमुक टक्के वाढवून ठरतं. मग सांगलीत कमी पगारावर सुरुवात केलेली मुलगी पुण्यात आली तरी तो आकडा तिचा पिच्छा सोडत नाही. बाळंतपणानंतर परतणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने 2018 पासून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायलाच बंदी घातली. आपल्याकडे स्त्री-पुरुष समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, पण हा प्रश्न विचारायला आडकाठी नाही. थाप मारण्यातही अर्थ नसतो. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतातच.

माझ्या भाचीने परवा उलट विचारलं, 'या पदासाठी तुम्ही बजेट किती धरलंय?' थोडी टाळाटाळ झाली, पण आकडा आला: बारा लाख. तिने लगेच फोड मागितली. (हे मात्र प्रत्येकाने करावं.) त्या बारा लाखांत कंपनीच्या वाट्याचा पीएफ होता, गटविम्याचा हप्ता होता आणि बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी होती, जी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्याशिवाय हातात पडत नाही. शिवाय दीड लाख 'व्हेरिएबल', म्हणजे साहेबांची मर्जी आणि कंपनीचा नफा जुळला तर.

व्हेरिएबल कमी करून फिक्स्ड वाढवा, असं तिने सुचवलं. ते जमणार नाही म्हणाले. त्याऐवजी जॉइनिंग बोनस देऊ केला, वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करण्याच्या अटीवर. ती अट वाचून मगच तिने सही केली.