वरची केस, खालची केस

हिंगणीस येणारा पाहुणा बहुधा वाघाच्या ओढीने येतो. सेलूकडून बोर धरणाकडे जाणारी वाट आमच्या गावावरून पुढे जंगलात शिरते. १९७० साली बोरचे अभयारण्य झाले, २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि गावाचे नाव दूरदूरच्या लोकांच्या तोंडी आले. आमच्या घरात मात्र गेल्या पावसाळ्यात जे जनावर आले ते निराळे होते. रंगाने पांढरे, आकाराने चौकोनी, पोटात चार रंगांची शाई बाळगणारे आणि आमच्या एकाही हाकेला ओ न देणारे! त्या प्रिंटरने आम्हांस तीन रात्री जागवले आणि तीस वर्षांपूर्वीचे एक देणे आमच्याकडून फेडून घेतले. त्याची ही हकिकत.

आमच्या वडिलांनी चोवीस वर्षे वर्ध्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवले. लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तके, सभांची हस्तपत्रके, मृत्यूनंतरच्या स्मरणप्रार्थनेची कार्डे हे सारे त्यांच्या हाताखालून गेले. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताची बोटे केसच्या खान्यांवर, डोळे हस्तलिखितावर. कोणत्या खान्यात कोणता खिळा हे बोटांनाच ठाऊक. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे उलटे वाचण्याची त्यांना इतकी सवय झाली होती की समोर बसलेल्या माणसाच्या हातातला कागद ते पलीकडून सहज वाचून दाखवीत. १९९४ साली त्या छापखान्यात संगणक आला. सहा महिन्यांत केसी मागच्या खोलीत गेल्या, पुढे त्यातले शिसे वजनावर विकले गेले आणि वडील हिंगणीस परतून चार एकरांत कपाशी व तूर करू लागले.

त्याच वर्षी आम्ही वर्ध्यास संगणकाचा वर्ग लावला होता. एका रात्री जेवताना वडील छापखान्याविषयी काही बोलू लागले, तेव्हा आम्ही म्हणालो, "बाबा, खिळ्यांचे दिवस संपले. तुम्हांला आता हे कळायचं नाही." वडिलांनी ताटातला घास तसाच संपवला, हात धुतला आणि ते अंगणात जाऊन बसले. त्यानंतर छापखान्याचा विषय त्यांनी आमच्यापुढे कधीही काढला नाही. आम्हीही तो काढला नाही. शाळेच्या कचेरीत नोकरी केली, निवृत्त झालो, आणि ते वाक्य आमच्या दोघांमध्ये तसेच पडून राहिले.

आता वडिलांनी चौऱ्याऐंशी ओलांडली आहेत. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसरा मंद आहे. आमची कन्या पुण्यास नोकरी करते आणि दर शनिवारी आजोबांना लांबलचक पत्र लिहिते. पण ते येते आमच्या मोबाइलवर. रात्रीची प्रार्थना झाली की आम्ही ते वाचून दाखवावे असा परिपाठ होता. एके दिवशी वडील म्हणाले, "बापू, तू वाचतं ते ठीक आहे. पण पत्र माह्या नावाचं आहे, मले सोताले वाचू दे. मोबाइलचा उजेड डोळ्यात घुसते. कागदावर मोठ्या ठशात असतं तर वाचलं असतं." एवढे बोलून ते थांबले. त्यांनी आमच्याकडे काही मागितल्याचे आम्हांस आठवत नाही. म्हणून दुसऱ्याच आठवड्यात प्रिंटर घरी आला.

आमच्या घरी संगणक नाही, तेव्हा मोबाइलवरून बिनतारी छपाई हाच मार्ग. फायबरची तार वर्षापूर्वीच घरात आली होती आणि ओसरीत राउटर लुकलुकत होता. वडिलांच्या खोलीत टेबलावर प्रिंटर मांडला, मोबाइलवर त्याचे अ‍ॅप घेतले आणि पहिल्या रात्री आम्ही मोठ्या विश्वासाने बसलो. अ‍ॅपने प्रिंटर शोधला आणि सांगितले की, या जाळ्याशी तो जोडता येत नाही. दहा वेळा केले, दहा वेळा तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी शेजारचा एक विद्यार्थी आला. त्याने समजावले ते असे. आमचा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो : एक २.४ गिगाहर्ट्‌झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्‌झची. पहिलीच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहा. लांब लहर भिंतीतून पुष्कळशी पार होते. आखूड लहर अधिक वेगाने माहिती नेते, पण भिंतीपाशी लवकर थकते. बहुतेक साध्या प्रिंटरांना पहिलीच पट्टी ऐकू येते. आमचा मोबाइल दुसरीवर होता आणि प्रिंटरला तेच जाळे दाखवू पाहत होता. "काकाजी, तुम्ही त्याले जे ऐकूच येत नाही ते सांगून राहिले," असे तो मुलगा हसत म्हणाला. हे ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालो. का, ते त्याला कळण्याचे कारण नव्हते.

भिंतीपलीकडे बिनतारी निरोप पाठवण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशाच अदृश्य लहरी भिंतींतून पार करून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. व्हॅटिकन रेडिओचे केंद्र खुद्द मार्कोनी यांनी उभारले आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस त्यावरून जगाशी बोलले. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, हे आमच्या पिढीस आठवत असेल. आज घरोघरी राउटर विनापरवाना चालतो, कारण २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी केंद्र सरकारने २००५ साली परवान्याच्या बंधनातून मोकळी केली. तरीही आमच्या घराच्या भिंती दोन हात रुंद मातीच्या आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या. पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून प्रिंटर खोलीच्या दाराजवळ सरकवला, मोबाइल पहिल्या पट्टीवर आणला आणि दुसऱ्या रात्री पुन्हा बसलो.

या वेळी प्रिंटरने जाळे ओळखले, पण पासवर्ड चुकल्याचे सांगितले. पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. काही राउटरांवर व प्रिंटरांवर एकेक कळ असते. दोन्ही कळा दोन मिनिटांच्या आत दाबल्या की पासवर्डावाचून सोयरीक जुळते. आमच्या राउटरवर ती कळ नव्हती. मोबाइल जोडताना तार घालणाऱ्या कारागिराने चिठ्ठीवरचे चौकोनी ठिपक्यांचे चित्र कॅमेऱ्याला दाखवले होते, त्यामुळे त्या बारा अक्षरांचा पासवर्ड हाताने लिहिण्याची वेळ घरात कोणावर आलीच नव्हती. आम्ही तो पुनःपुन्हा लिहिला. मोबाइलवरून लिहिला, प्रिंटरच्या इवल्याशा खिडकीत बाणांच्या कळा दाबून एकेक अक्षर वेचून लिहिला. रात्रीचे अकरा वाजले. यंत्रच सदोष आहे, उद्या परत करावे, अशा निष्कर्षास आम्ही आलो.

खाटेवरून वडिलांनी विचारले, "काय म्हणते गा ते?"

"तुम्हांला नाही कळायचं, बाबा. झोपा तुम्ही."

शब्द तोंडातून गेले आणि आमचे आम्हांसच ऐकू आले. तीस वर्षांत त्यातले एक अक्षरही बदलले नव्हते, असे वाटले. वडील कुशीवर वळले. आमची सौभाग्यवती दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण दिवा मालवताना आमच्याकडे तिने जे पाहिले त्यात सर्व आले. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी वीज गेली. आम्ही शेतावरून परतलो तो ओसरीत वडील जमिनीवर बसलेले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छापखान्यातून आणलेले जुने भिंग, आणि मांडीवर पालथा घातलेला राउटर. आम्ही शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने म्हणालो, "बाबा, मला हे जमत नाही. तुम्ही पाहता का?"

वडिलांनी भिंग आमच्या हाती दिले. "हे पाहा. याले तू काय म्हणतं?"

"ओ."

"ओ नोहे. शून्य होय. ओचं पोट गोल असते, शून्य अंगानं बारीक. बाजूच्या मोठ्या अक्षराशी ताडून पाहा. अन् हे शेवटचं?"

"मोठा आय."

"आय अन् एल एकाच दांडीचे. पण हा बाजूच्या मोठ्या अक्षरापेक्षा अंमळ वर गेला आहे. म्हणजे खालच्या केशीतला एल."

आम्ही भिंगातून पाहिले. खरोखरच केसभर उंच होता. चोवीस वर्षे ज्या डोळ्यांनी प्रुफातली चूक छापण्याआधी पकडली, त्यातला एक मंद आणि दुसरा शस्त्रक्रिया झालेला. पण अक्षराची नजर शाबूत होती. बारा अक्षरांत आमच्या दोन चुका होत्या आणि यंत्र बिचारे दोन रात्री खरेच सांगत होते.

वीज आल्यावर आम्ही प्रिंटरपुढे बसलो. बाणांची कळ आता वडिलांच्या बोटाखाली होती. अक्षर वेचण्याची ती रीत त्यांना मुळीच परकी वाटली नाही. लहान लिपीतून मोठ्या लिपीकडे जाण्याची खूण आम्ही दाखवली तेव्हा ते हसले. "म्हणजे वरची केस," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी प्रथमच छापखान्याविषयी बोलू लागले. इंग्रजी जुळणीच्या दोन पेट्या तिरप्या मांडणीवर एकावर एक ठेवीत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत त्या अक्षरांना आजही वरच्या आणि खालच्या केसची अक्षरे म्हणतात ती त्यामुळेच. पेट्या गेल्या, शिसे गेले, पण पासवर्ड विचारणाऱ्या यंत्राच्या भाषेत कंपोझिटरची ती जुनी पेटी अजून शिल्लक आहे.

मराठीला असा भेद नाही. पण जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांमुळे तिचे खिळे कितीतरी अधिक. भारतात पहिला छापखाना १५५६ साली गोव्यास आला. फादर स्टीफन्स यांना आपले मराठी काव्य देशी लिपीत छापले जावे असे वाटे, आणि त्यासाठी सहाशेच्या आसपास साचे लागतील असे त्यांनी १६०८ साली वरिष्ठांस कळवले होते. ते साचे मिळाले नाहीत. १६१६ साली राशोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत. मराठी ओवी, आणि अंगावर परक्या लिपीची वस्त्रे! हे आम्ही सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "सहाशे खिळे? मले तर कमीच वाटतात."

शेवटचे अक्षर त्यांनी बसवले आणि कळ दाबली. लुकलुकणारा निळा दिवा दोन-चार क्षण तसाच लुकलुकला आणि मग स्थिर झाला. आम्ही शनिवारचे पत्र मोबाइलवर उघडले, अक्षरे मोठी केली आणि आज्ञा दिली. कागद आत ओढला गेला, घरघर झाली, आणि आमच्या कन्येचे पत्र वडिलांच्या हातात ऊन ऊन पडले. त्यांनी आधी कागदाला वास घेतला. मग म्हणाले, "अठरा पॉइंट असेल."

जाणत्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. पुढल्या आठवड्यात वीज जाऊन आल्यावर प्रिंटर पुन्हा मुका झाला. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक क्रमांक देतो, तो पत्ता. राउटर बंद होऊन सुरू झाला की तो प्रसंगी नवे पत्ते वाटतो आणि मोबाइल जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहतो. त्या विद्यार्थ्याने राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला, त्यानंतर तक्रार नाही. पासवर्ड आता वडिलांनी एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून भिंतीवर लावला आहे. शून्याला तिरपी रेघ मारली आहे, म्हणजे पुन्हा कोणी फसू नये.

त्या पहिल्या रात्री वडिलांनी पत्र दोनदा वाचले, ओठ हलवीत, बोट ओळीखाली धरून. आम्ही त्यांच्या पायाशी बसलो होतो. "बाबा," आम्ही म्हणालो, "तेव्हा मी जेवताना बोललो होतो ते..." पुढचे शब्द जुळेनात. त्यांनी वर पाहिले नाही. "तू खोटं नव्हता बोलला," ते म्हणाले. "दिवस संपलेच होते. फक्त ते तू सांगायले नोको होतं." मग आमच्या खिशाकडे हात करून त्यांनी लाल पेन मागितले. पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात 'आर्शीवाद' असे पडले होते. त्यांनी रफार उचलून 'वा'वर नेल्याची खूण केली, समासात छापखान्यातली ती जुनी निशाणी काढली आणि कागद आमच्या हाती दिला.

"हे तिले पाठवून दे. म्हणावं, आजोबानं प्रूफ तपासलं."