बर्लिन52

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेमशी माझी गाठ पडली, ती आजतागायत सुटलेली नाही. सगळी शहरं एकेकदाच घ्यायची आणि कमीत कमी अंतरात निघालो तिथे परतायचं. दहा शहरांचे वेगवेगळे मार्ग होतात 1,81,440. तेवढे तपासायला मशीनला वेळ लागत नाही. वीस शहरांचे मात्र सहा कोटी अब्जांहून जास्त! पुढे हेल्ड आणि कार्प यांची 1962 ची पद्धत वाचली. तिच्यात हीच वीस शहरं सुमारे 42 कोटी पायऱ्यांत आटोपतात. माझ्या मशीनने जे जमलं नसतं ते नुसत्या विचाराने जमलं, याचा आनंद मला अजून होतो.

नोकरीत नवी भाषा शिकायची वेळ आली की मी आधी हाच प्रॉब्लेम तिच्यात लिहून बघतो. जावा झाली, पायथन झाली, आता रस्ट. सोबतीला ‘बर्लिन52’ असतोच: बर्लिनमधली 52 ठिकाणं, गेरहार्ड रायनेल्ट यांच्या टीएसपीलिब या संग्रहातली. या ठिकाणांचा सर्वांत छोटा मार्ग 7542, आणि त्याहून छोटा नाही हे सिद्ध झालेलं आहे. रस्टमध्ये लिहिलेलं, सगळे मार्ग तपासत जाणारं कोड या 52 ठिकाणांपुढे कधीच संपणार नाही. पायथनमधलं साधं टू-ऑप्ट, म्हणजे मार्गातले दोन दुवे तोडून मधला तुकडा उलटा जोडत जाणं, चहा थंड व्हायच्या आत बऱ्यापैकी मार्ग देतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो 7542 हा आकडाच. टीएसपीलिबच्या नियमाने प्रत्येक अंतर आधी जवळच्या पूर्णांकात घ्यायचं, मग बेरीज करायची. दशांश तसेच ठेवले तर तोच मार्ग 7544.37 भरतो. नियम माहीत नसलेला माणूस या दोन-अडीचच्या फरकासाठी रात्रभर कोड तपासत बसेल, आणि कोड तर बरोबरच असेल.

सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंगसारख्या, यादृच्छिक बदल करत मार्ग सुधारणाऱ्या पद्धतीत तर नशिबाचाही वाटा असतो. अनेकदा चालवून एकदाच लागलेला 7542 तेवढा सांगायचा, हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही मोजाल तेव्हा मधला आणि सर्वांत वाईट आकडाही द्या. सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा), मशीन, लागलेला वेळ आणि अंतरं कशी मोजली तेही लिहा. म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमचा आकडा स्वतः ताडून बघता येईल.