कुळीथ आणि गहू

पासष्टी गाठलेल्या माणसाला बोलता आले काय आणि न आले काय, राज्याला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही, असे इंग्लंडच्या सरकारने कोणत्या विचारान्ती ठरविले असावे, हे कोडे अलीकडे माझ्या मनातून जाता जात नाही. नियम तसा सरळ आहे. ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्याने आपल्याला इंग्रजी बोलता येते आणि ऐकलेले उमगते, हे युरोपीय मापाच्या ‘बी-वन’ पायरीपर्यंत सिद्ध करावे; शिवाय त्या देशाचा इतिहास, चालीरीती आणि राज्यव्यवहार यांवरील २४ प्रश्न ४५ मिनिटांत सोडवून त्यांतील निदान १८ बरोबर आणावेत. परंतु अर्जाच्या दिवशी वयाची ६५ वर्षे भरलेली असली, की या दोन्ही शर्ती आपोआप गळून पडतात. माझ्या मावशीचे चौसष्टावे सरत आले आहे, आणि अर्ज आता करावा की पासष्ट भरेपर्यंत थांबावे, याविषयी तिने माझे मत मागितले आहे. ते मला अद्याप देता आलेले नाही.

मावशीचा जन्म बारदेशातला, पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षातला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आपला जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवून पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविता येते आणि त्याच्यामागून ते त्याच्या मुलांनाही लाभते, ही वहिवाट गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. मुलाच्या नोकरीसाठी तिनेही ती पत्करली, भारताच्या पासपोर्टावर पाणी सोडले, आणि इंग्लंडने युरोपाशी काडीमोड घेण्यापूर्वीच ती मुलासुनेबरोबर स्विंडनला जाऊन राहिली. पोर्तुगालने तिला आपली म्हणताना पोर्तुगीज भाषेतले एक अक्षरही विचारले नाही; विचारले असते, तर पाव आणि जनेल यांपलीकडे तिची मजल गेली नसती. स्विंडनमध्ये गोव्याची बिऱ्हाडे इतकी आहेत, की कोंकणीवर तिचा दिवस निघतो, माझ्याशी ती मराठी बोलते, आणि उरलेल्या व्यवहारापुरते जे इंग्रजी तिने जमविले आहे त्यात क्रियापदे फारशी नसली, तरी त्यावाचून तिचे काही अडलेले माझ्या ऐकिवात नाही.

‘बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत’, ही म्हण मी प्रथम ऐकली ती तिच्याच आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, तोंडून. मावशी लहानपणी घुमी होती असे सांगतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात परसातली केळी आणि मिरच्या घेऊन मायलेकी बसल्या, की गिऱ्हाईक समोर उभे राहिले तरी मुलगी तोंड उघडीत नसे, आणि मग ती म्हण तिच्या वाट्याला येई. कोणी हीच म्हण कुळथाच्या जागी बोरे घालून सांगतात. माल बदलला तरी न्याय तोच. तिचा कर्ता बोलणारा होता यात शंका नाही, कारण न बोलणाऱ्याने म्हण रचली असती तर ती आपल्यापर्यंत पोहोचली कशी असती? पण त्या गप्प बसलेल्या माणसाचे पुढे काय झाले, याची चौकशी आजवर कोणी केलेली दिसत नाही. उन्हे कलल्यावर त्याने आपली गव्हाची पाटी उचलली असेल, घरी जाऊन त्यातले शेरभर दळून घेतले असतील, आणि त्या रात्री त्याच्या मुलाबाळांनी पोटभर पोळ्या खाल्ल्या असतील. उलट कुळीथ खपवून गाठीला पैसा बांधलेला तो वाचाळ गडी त्या पैशाचे गहू घ्यायला वळला असेल, तेव्हा गहू केव्हाच बाजारातून उठून गेलेले असतील. या दोघांत नुकसान कोणाचे झाले, हे म्हण सांगत नाही.

आणि कुळीथ हलके, गहू भारी, ही प्रतवारी तरी कोणाची? ती घाटावरची आहे. पावसाळ्याच्या रात्री गरम भातावर कुळथाची पिठी ओतून घेऊन जो जेवला आहे, त्याच्या गळी ही प्रतवारी उतरणार नाही. आजीच्या घरी गहू येत ते सणासुदीला, आणि तेही बेताचे. कुळीथ मात्र बारमाही डब्यात असत, आणि त्यांना कोणी कमी लेखल्याचे मला आठवत नाही. म्हणजे आजी ज्या मापाने आपल्या लेकीला शहाणी करू पाहत होती, ते माप तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातले नव्हतेच. ते दुसऱ्या मुलखातून आले होते, आणि ते परके आहे असे तिला कधी वाटलेही नाही. हे लक्षात आल्यापासून त्या ‘बी-वन’ पायरीवर रागवायला मला पूर्वीसारखे जमत नाही.

तथापि बाजारातले गिऱ्हाईक आणि भाषेचा परीक्षक यांत एक मोठा भेद आहे. गिऱ्हाइकाला माल हवा असतो आणि बोलणे ही मालापर्यंत जाण्याची वाट असते. परीक्षकाला मालाशी कर्तव्य नसते, तो केवळ आरोळी ऐकायला बसलेला असतो. नागरिकत्वासाठी चालणाऱ्या एका परीक्षेत उमेदवाराने सुमारे दहा मिनिटे बोलायचे असते. काही वेळ आपण तयार करून आणलेल्या विषयावर, आणि उरलेला वेळ सणवार, प्रवासाची साधने, संगीत, करमणूक अशा ठरीव विषयांपैकी परीक्षक काढील त्यावर. समजा, सणांचा विषय निघाला आणि मावशीने चवथ सांगावयास घेतली. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळी, तिच्यात बांधलेली रानातली फळे आणि वेली, त्यांतले कोणते फळ कोणत्या डोंगरावरून कोणी आणायचे याचे घराघरांत ठरलेले हक्क, हे सारे तिच्यापाशी आहे. पण परीक्षेच्या वेळी ती म्हणेल, की आम्ही फळे टांगतो, गोड करतो, माणसे येतात. एवढ्यावर ती उत्तीर्ण होईल. म्हणीच्या न्यायाने तिचे कुळीथ विकले गेले असे म्हणावे लागेल; गहू तिने पाटीतून बाहेर काढलेच नाहीत, हे परीक्षकाला कळण्याचा मार्ग नाही आणि त्याची त्याच्यावर जबाबदारीही नाही.

संस्कृत सुभाषितकारांचा कौल आजीच्या अगदी उलट पडतो. पोपट आणि मैना आपल्या बोलण्यामुळेच पिंजऱ्यात अडकतात, बगळ्याला मात्र कोणी धरीत नाही, म्हणून मौनाने सारे साधते, असे ते सांगतात. पासष्टीची सवलत म्हणजे राज्याने मान्य केलेले बगळ्याचे मौनच होय, असे म्हणण्याचा मोह होतो. पण बगळ्याला आत यायचे नव्हते, आणि मावशीला यायचे आहे, ही अडचण सुभाषिताने सुटत नाही.

स्विंडनचे नाव निघाले, की माझे मन हटकून त्याच परगण्यातल्या दुसऱ्या एका माणसाकडे धावते. स्विंडनपासून काही मैलांवर बुशटन नावाचे खेडे आहे. तेथे सोळाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेला टॉमस स्टीफन्स, ज्याला आपण फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो, जेझुइट होऊन १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, तो गोव्यातच राहिला. त्यातली बहुतेक साष्टीत गेली. तेथल्या लोकांची भाषा त्याने इतकी आत्मसात केली, की कोंकणीचे व्याकरण त्याने लिहिले, आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून ते रोमन लिपीत उतरले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या शाळेतल्या मुलांना आपण अभिमानाने शिकवितो, आणि त्या रचणारा विल्टशायरचा होता हे सांगताना आपला स्वर किंचित चढतो. त्याला कोणी कसोटी लावली नव्हती. त्याला येथे आपले म्हणवून घ्यायचे होते की येथल्यांना आपलेसे करून घ्यायचे होते, याचा निवाडा करणे सोपे नाही. धर्मप्रसार हे त्याचे प्रयोजन होते आणि भाषा हे साधन होते, हे त्याने कधी लपविले नाही. पण साधन म्हणून हाती घेतलेल्या वस्तूवर जीव जडल्यावाचून इतक्या ओव्या होत नाहीत, असे मला आपले वाटते. इतिहासाचे अभ्यासक याला पुरावा मागतील, आणि तो माझ्यापाशी नाही.

त्याच गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने फर्मान काढले, की रयतेने तीन वर्षांच्या मुदतीत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. मुदत संपली, व्हाइसरॉय गेले, आणि अखेरीस पोर्तुगीज राज्यही गेले, कोंकणी राहिली. एकाच भूमीत एकाने हुकमावाचून भाषा मिळविली आणि दुसऱ्याला हुकमानेही ती लादता आली नाही, हे पाहून ज्याला सिद्धान्त काढायचा असेल त्याने खुशाल काढावा. माझा हात तेथे थबकतो, कारण मुलासुनेच्या मागून स्विंडनला गेलेली मावशी स्टीफन्सही नाही आणि १६८४ ची रयतही नाही. तिला कोणी बळजबरी केलेली नाही, आणि तिच्यापाशी चाळीस वर्षेही नाहीत.

परीक्षा ही नेहमी दरवाजाच असते असेही नाही. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्याने परक्याला ५० शब्दांचा उतारा कोणत्याही युरोपीय भाषेत लिहून घ्यायला लावण्याचा अधिकार आपल्या अंमलदारांना दिला होता, आणि भाषा कोणती ते अंमलदार ठरवी. ज्याला घ्यायचे नाही त्याला न येणारी भाषा शोधून काढणे एवढेच काम उरे. १९३४ साली एगोन किश या प्राग शहरच्या लेखकाला, त्याला अनेक युरोपीय भाषा येत असल्यामुळे, स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला गेला. तेथल्या उच्चतम न्यायालयाने पुढे ठरविले, की गेलिक ही त्या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे. नियतीचा विनोद असा, की १९८१ च्या ब्रिटिश कायद्यात नागरिकत्वासाठी जी भाषा यावी लागते ती इंग्रजी, वेल्श किंवा हीच स्कॉटिश गेलिक यांपैकी कोणतीही चालते. किशला अडविण्यासाठी जे कुलूप म्हणून वापरले, ते आज किल्लीच्या जुडग्यात आहे. मात्र त्या ऑस्ट्रेलियन अंमलदाराशी स्विंडनच्या परीक्षकाची तुलना करणे अन्यायाचे होईल. तो बिचारा मावशीला उत्तीर्ण करण्याच्या तयारीनेच बसलेला असतो.

एवढे लिहून मी थांबणार होतो, आणि ज्या राज्याला माणसाचे मन पाहता येत नाही ते त्याची जीभ पाहते, असा काहीसा ठसठशीत शेवट मनाशी जुळवूनही ठेवला होता. पण आपल्याच देशाचा १९५५ चा नागरिकत्व अधिनियम उघडून पाहिला. परदेशस्थाला देशीयकरणाने भारताचे नागरिकत्व हवे असेल, तर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे त्याला पुरेसे ज्ञान असले पाहिजे, असे त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिले आहे. अधिनियम झाला तेव्हा त्या यादीत १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. मराठी आरंभापासून आहे, कोंकणी १९९२ साली आली, संस्कृतही आहे, आणि इंग्रजी तेव्हाही नव्हती, आजही नाही. हे वाचून मला प्रथम जे वाटले ते नमूद करणे भाग आहे: मला आनंद झाला. अमेरिकेत जन्मून फलटणला आयुष्य घालविणाऱ्या आणि भारताच्या नागरिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांच्या मराठीची आठवण झाली, आणि असाच नियम असावा, असे मन म्हणून गेले. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही मराठी न शिकणाऱ्यांविषयी आपण चारचौघांत जे बोलतो, तेही त्यामागून आठवले. आनंद ओसरल्यावर मात्र विचार आला, की स्विंडनला एखादा सद्गृहस्थ आपल्या शेजारच्या गोवेकर म्हातारीविषयी नेमके हेच बोलत असेल, आणि माझ्या बोलण्यात अस्मिता आहे नि त्याच्या बोलण्यात अहंता, हे मी कोणत्या आधारावर ठरविणार?

मोठ्या भाषेने लहान भाषेला दाबू नये आणि लहान भाषेने स्वतःला जपावे, असा भेद करून सुटका करून घेता येईल. त्यात तथ्यही आहे. पण माझ्या अंतरंगातला तो आनंद इतका विचार करून आलेला नव्हता. आणि पोर्तुगालने मावशीला काहीच विचारले नाही, ते औदार्य म्हणावे तर त्याला दुसरी बाजू आहे: ती आपल्यात येऊन राहील, आपल्याशी दोन शब्द बोलेल, अशी त्या राज्याची अपेक्षाच नव्हती, तिने एक दाखला न्यावा आणि वाटेल तेथे जावे. पासष्टीची सवलतही मला आता निखळ दयेची वाटत नाही. वृद्धाला छळू नये हा तिचा हेतू असेल; पण या वयाच्या माणसाकडून ऐकण्यासारखे काही उरलेले नाही, असा अर्थ तिच्यातून निघतो तो पुसून टाकता येत नाही. तेव्हा मावशीला ज्याने परीक्षेला बसविले त्याने तिचा अपमान केला, की ज्याने न विचारताच सोडून दिले त्याने, याचा निर्णय मला होत नाही. थांब म्हणावे, तर ती पुन्हा मुकी राहील. बस म्हणावे, तर मीच आजीच्या जागी जाऊन बसल्यासारखे होईल. मावशीला यातले काय आवडेल, हे मी तिला अजून विचारलेले नाही, आणि विचारले तरी ती मलाच ठरवायला सांगेल, असा माझा संशय आहे.