आत्याची पाच वर्षं

बोईसर स्टेशनवरून सालवडला येताना शेअर रिक्षात मी पीट बुटिजेजबद्दल वाचत होतो. अमेरिकेतलं साऊथ बेंड, साधारण लाखभर वस्तीचं शहर. २०१२ साली, एकोणतिसाव्या वर्षी तो तिथला महापौर झाला. आठ वर्षं राहिला. मग राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत, आणि पुढे बायडन सरकारात परिवहनमंत्री.

आमच्या घरातली सरपंच म्हणजे आत्या. २०११ पासून राज्यात निम्म्या जागा महिलांच्या, त्यात तिच्या गावचं पद राखीव निघालं आणि घरच्यांनी तिला उभं केलं. सुरुवातीला सही आत्याची, बोलणं काकांचं. एकदा ग्रामसेवकाने चेक पुढे केला, तर म्हणाली, "आधी बिल वाचते." त्या दिवसापासून काका ऑफिसच्या बाहेर बसायला लागले.

तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांच्या चाळीपर्यंत तिने नळ नेला. सदस्य म्हणाले, त्यांची मतं इथे नाहीत. "पाणी तर इथेच पितात ना?"

पाच वर्षांनी पुन्हा सोडत निघाली, आरक्षण बदललं. चिठ्ठीनेच दिलेलं पद चिठ्ठीनेच गेलं, त्यामुळे रागवायचं तरी कोणावर! पंचायत समितीसाठी तिला कुठल्याच पक्षाने विचारलं नाही. लोक मात्र अजून घरपट्टीचे कागद घेऊन तिच्याच ओट्यावर येतात.

घरी पोचल्यावर तिला बुटिजेजचा फोटो दाखवला. चष्मा लावून बघत राहिली.

"त्याच्या गावात पाणी रोज येतं का रे?"