कापडाचे पंख

'चेटकीण' हा शब्द मला कधीच आवडला नाही. जिच्यापुढे आपले काही चालत नाही अशा बाईला गावाने भीतीपोटी दिलेली ती शिवी. पण एकदा एका सबंध सैन्याने ती दिली, आणि जिला दिली तिने ती पदकासारखी मिरवली!

१९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखाने येत असताना, मारीना रास्कोवा या विख्यात वैमानिक स्त्रीच्या खटपटीने सोव्हिएत रशियात बायकांची तीन विमानदळे उभी राहिली. त्यांतले ५८८ वे दल रात्री बॉम्ब टाकणारे. त्यात विमान हाकणाऱ्या, दिशा दाखवणाऱ्या, इंजिन दुरुस्त करणाऱ्या, बॉम्ब अडकवणाऱ्या, साऱ्या बायकाच. पुष्कळजणी तर कॉलेजात शोभाव्यात अशा वयाच्या!

आणि विमान कसले? पो-२. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, एकावर एक दोन पंख आणि डोक्यावर उघडे आभाळ. मुळात ते नवशिक्यांसाठी केलेले. वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. शत्रू जवळ आला की इंजिन मंद करून त्या घुबडासारख्या निःशब्द तरंगत येत. खालच्या शिपायांना ऐकू येई ती फक्त वाऱ्याची सळसळ. म्हणून जर्मनांनी नाव ठेवले : 'रात्रीच्या चेटकिणी'. बॉम्ब थोडेच मावत. मग एकाच रात्रीत आठ-दहा खेपा. युद्ध संपेपर्यंत सुमारे २३ हजार!

पण या पराक्रमातली एक रात्र मला टोचत राहते. ३१ जुलै १९४३, कुबानची आघाडी. शोधदीप लागले, पण तोफा गप्प राहिल्या. कारण अंधारात शत्रूचे विमान टपले होते. एकामागून एक चार विमाने पेटली, आठजणी गेल्या. हवाईछत्र्या त्यांना १९४४ पर्यंत मिळाल्याच नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या बॉम्बखालीही कुणाची तरी मुले मेलीच ना? मेली. म्हणूनच कौतुक करताना माझी जीभ जराशी अडखळते. मात्र त्या लढाई शोधीत गेल्या नव्हत्या. लढाईच त्यांच्या दारात आली होती.

या दलाच्या कारभाराची धुरा वाहणाऱ्या इरीना राकोबोल्स्काया युद्धापूर्वी मॉस्को विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होत्या. युद्धानंतर त्या तिथेच परतल्या, प्राध्यापक झाल्या आणि २०१६ पर्यंत जगल्या. मी मास्तर; मला त्यांच्या पदकांपेक्षा हेच अधिक मोलाचे वाटते. हातातला खडू ठेवून लढायला जाणारे पुष्कळ असतात. परत येऊन शांतपणे तो पुन्हा उचलणारे विरळाच.