कोवळ्या उन्हाचा हिशेब

आमच्या चाळीतलं बाळ बारा दिवसांचं झालं की उन्हाला यायचं. सकाळी सातच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत उतरलं, की आजी पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर पालथं घालायची आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायची. पलीकडच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या खोल्यांतल्या बायका आपापली बाळं दुपट्यात गुंडाळून आमच्याकडे आणायच्या. आजी त्यांनाही उन्हात घ्यायची. धाकट्या भावंडांसकट निदान पंधरा-वीस पोरं तरी त्या खिडकीतल्या उन्हात न्हाली असतील.

मुंबई सेंट्रलजवळची बीआयटी चाळ. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला नळ आणि संडास. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. पाहुणा आला की बाबा पॅसेजमध्ये चटई टाकायचे. दार दिवसभर उघडं. दारावर झरोका, समोर खिडकी, त्यामुळे मे महिन्यातही वारा घरातून पॅसेजकडे धावायचा. वाळत घातलेले पापड उडतात म्हणून आई त्यांच्या कडांवर वाट्या ठेवायची.

हा वारा योगायोगाने आला नव्हता. पण ते मला परिचारिका झाल्यावर, जुन्या मुंबईच्या आरोग्याविषयी काही वाचताना कळलं. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग ओळखला. शहर घाबरलं, माणसं गावाकडे पळाली, आणि दोन वर्षांनी, १८९८मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आमच्या चाळीच्या नावातलं ‘बीआयटी’ ते हेच. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते ट्रस्टने काढले, ते समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणूनही. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२मध्ये मुंबईतल्या घरांतल्या उजेड आणि हवेवर व्याख्यान दिलं होतं. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्याच काळातला. कोनाचं गणित सोडलं तर अर्थ सोपा आहे: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मधे मोकळं हवं. म्हणजे खालच्या खोलीच्या जमिनीलाही आभाळ दिसतं.

ट्रस्टने सगळं चांगलंच केलं असं मी म्हणणार नाही. घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्याच गल्ल्यांत आणखी दाटीने कोंबली गेली. आमच्या चाळीतही सकाळी संडासापुढे टमरेलांची रांग असायची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंना क्षय होता. त्यांचं ताट-वाटी वेगळं असे, आणि आम्हा मुलांना त्यांच्या दारावरून पळत जायला सांगायचे. त्या गेल्या तेव्हा त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिला आम्ही कधी घरी खेळायला बोलावलं नाही, हे मला आजही टोचतं.

१९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि आम्ही पालिकेचे भाडेकरू झालो. दवाखानाही पालिकेचाच. बाटली घरून न्यायची, कंपाउंडर तीत गुलाबी मिक्श्चर भरायचा आणि डोसांसाठी खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. देवीची लस टोचणारे यायचे, मलेरियावाले गच्चीवर चढून टाकीत डोकावायचे. त्यांच्यापैकी कुणालाही दारावर घंटी वाजवावी लागत नसे.

नोकरीची शेवटची वर्षं मी गोवंडी-मानखुर्द भागात काढली. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी घरं गेलेल्या लोकांच्या पुनर्वसन वसाहती तिथे आहेत. पहिल्यांदा अशा एका इमारतीत शिरले तेव्हा भर दुपारी जिन्यात मोबाइलचा उजेड पाडावा लागला. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं, पण स्वतःचं, आणि संडास-न्हाणी आत. वस्तीतल्या झोपडीतून आलेल्या बाईला त्या आतल्या दाराचं मोल काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही तिच्या खिडकीबाहेर हात लांबवला तर समोरच्याचा हात धरता यावा, इतक्या जवळ दुसरी भिंत. मधल्या बोळात कचरा, म्हणून खिडकी बंदच. ट्यूब सकाळपासून चालू.

तिथे मला क्षयाचे रुग्ण भेटले ते तळमजल्यावर, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर. माझं हे नुसतं मत राहिलं नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८च्या सुमारास नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथे पाहणी केली. दाट उभ्या इमारतींत, उजेड-वारा नसलेल्या खालच्या घरांत क्षय अधिक, असंच त्यात दिसलं. तिथे दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. जुना नियम लावला तर वीस मीटर उंचीला दहा मीटर सोडावे लागले असते. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी तो नियम सैल करण्यात आला. ज्यांच्या छातीला वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच घरातला वारा कापला गेला.

उपचार आज आमच्या काळाहून खूप पुढे आहेत. काकूंचा आजार आज सहा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी बरा होतो. रुग्णाच्या खात्यात आहारासाठी २०१८पासून महिन्याला पाचशे रुपये येऊ लागले, २०२४पासून हजार. पालिकेचा ‘आपला दवाखाना’ २०२२पासून रात्री दहापर्यंत उघडा असतो, म्हणजे मजुरी न बुडवता जाता येतं, आणि १४७ तपासण्या मोफत होतात. गुलाबी मिक्श्चरच्या दिवसांत हे सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. पण गोळ्यांचा कोर्स पुरा करून रुग्ण परत त्याच खोलीत झोपतो. शेजारी त्याचं पोर झोपतं.

घराचं बोलणं आता चौरस फुटांत होतं. झोपडपट्टी पुनर्वसनात सव्वादोनशेचे २६९ झाले, मग तीनशे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पाचशे. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये ५५६ कुटुंबांना उंच टॉवरमधली नवी घरं मिळाली तेव्हा टीव्हीसमोर माझेही डोळे भरून आले. शंभर वर्षं १६० चौरस फुटांत काढलेली माणसं ती. मोठं घर हवंच. पण नकाशा मंजूर होताना खालच्या मजल्यावर ऊन किती वाजता येतं आणि किती वेळ थांबतं, हे विचारणारं आरोग्य खात्याचं माणूस त्या टेबलाशी बसायला हवं, आणि त्याच्या सहीशिवाय फाइल पुढे सरकता कामा नये. प्लेगच्या भीतीने का होईना, शहराने एकदा हा विचार केला होता.

गोवंडीतल्या एका ओल्या बाळंतिणीची आठवण येते. घर पहिल्या मजल्यावर. बाळाला थोडी कावीळ होती, वजनही बेताचं. मी सवयीने म्हटलं, “सकाळचं कोवळं ऊन दाखवत जा हो, आणि दवाखान्यातली तारीख चुकवू नकोस.” ती म्हणाली, “सिस्टर, गच्चीला कुलूप असतं.”

दुसऱ्या आठवड्यात सकाळी लवकर त्या बाजूला गेले होते. वसाहतीच्या फाटकाबाहेर रस्त्याला रिक्षा ओळीने उभ्या होत्या. दोन रिक्षांच्या मधे हातभर ऊन पडलं होतं. तिची सासू तिथे फुटपाथवर पोतं अंथरून, पाय लांब करून बसली होती, आणि पायांवर बाळ पालथं होतं. रिक्षावाला किल्ली हातात घेऊन बाजूला उभा होता, त्यांचं होईपर्यंत.